पत, पेढी आणि परस्परविश्वास : जर्मनी व भारत येथील सहकारी पतसंस्थांचा तौलनिक विचार

(शताब्दी महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत पतपेढ्यांचा विषय निघावा, हे कोणास थोडे विचित्र वाटेल. तथापि ग्रंथालय आणि पतपेढी या दोन संस्थांचे गोत्र एकच आहे. ग्रंथालय पुस्तक उसने देते, पेढी पैसा उसना देते. आणि दोन्ही ठिकाणी नेलेली वस्तू परत येईल या भरवशावरच सारा व्यवहार उभा असतो. हा भरवसा ज्या गावात टिकतो, तेथे अशा संस्था शंभर वर्षे जगतात. जेथे तो ढासळतो, तेथे इमारत उरते, संस्था उरत नाही.

मराठी भाषेने या भरवशाला एक सुंदर शब्द दिला आहे : पत. पत म्हणजे अब्रू आणि पत म्हणजे उधारी मिळण्याची योग्यता. बाजारात पत असणे आणि समाजात पत असणे या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी वेगळ्या मानल्या नाहीत. जर्मन भाषेतही असाच एक शब्द आहे : ‘शुल्ड’. त्याचा अर्थ कर्ज आणि त्याचाच अर्थ अपराध. एका भाषेने देवघेवीच्या मुळाशी अब्रू पाहिली, दुसरीने अपराधाचा भार पाहिला. पण कर्ज ही केवळ आकड्यांची गोष्ट नव्हे, ती नीतीची गोष्ट आहे, हे दोन्ही भाषांनी ओळखले. या दोन देशांत गरिबांची पत उभी करणाऱ्या संस्था कशा जन्मल्या, कशा वाढल्या आणि कोठे अडखळल्या, याचा तौलनिक विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला १८८९ हे साल फार सोयीचे आहे. त्या वर्षी ५ फेब्रुवारी रोजी याच वडोदरा नगरीत विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. परस्परसाहाय्याने पैशाची देवघेव करणारी भारतातील पहिली ज्ञात संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. त्याच वर्षी १ मे रोजी जर्मन साम्राज्याचा सहकारी संस्थांविषयीचा सर्वंकष कायदा झाला. एक घटना आरंभाची, तर दुसरी चाळीस वर्षांच्या अनुभवातून पिकलेल्या फळाची. वडोदऱ्यात संस्था जन्मली तेव्हा तिच्यासाठी कायदा नव्हता. जर्मनीत कायदा झाला तेव्हा त्याच्या मागे हजारो सभासदांचा अनुभव होता.

तो अनुभव कसा जमला हे पाहण्यासाठी १८४६-४७ च्या हिवाळ्यात जावे लागते. त्या वर्षी युरोपात पिके बुडाली. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, निकस जमिनीचा प्रदेश आहे. तेथील वायरबुश या गावाचा नगराधिकारी होता फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन, वय अठ्ठावीस वर्षे. त्याने गावातील सधन लोकांकडून पैसा उभा केला, धान्य आणविले, सामायिक भट्टी बांधली आणि भुकेल्यांना उधारीवर भाकरी दिली. पुढे १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे त्याने सुमारे साठ सधन गृहस्थांची एक साहाय्यक मंडळी काढली. गुरांचे व्यापारी शेतकऱ्यांना उधारीवर गाय देत आणि व्याजापायी गाय व शेत दोन्ही गिळंकृत करीत. मंडळीने स्वतःच्या हमीवर पैसा घेऊन शेतकऱ्यांना गुरे मिळवून दिली. १८५४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने तिसरी संस्था काढली. अनाथ मुलांची काळजी, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, शेतकऱ्यांना कर्ज, एवढेच नव्हे तर लोकांसाठी ग्रंथालय उभारणे हाही तिच्या उद्देशांपैकी एक होता. आजच्या प्रसंगी याचे स्मरण करणे उचितच होय.

परंतु रायफायझनचे मोठेपण या तीन संस्था काढण्यात नाही. त्या तिन्ही अपुऱ्या आहेत हे त्याने मान्य केले, यात ते आहे. देणारे सधन आणि घेणारे निर्धन अशी दोन माणसे समोरासमोर उभी असली, की देणाऱ्याचा उत्साह काही वर्षांत ओसरतो आणि घेणाऱ्याला त्या पैशाबद्दल आपलेपणा वाटत नाही. धर्मादायाने भूक भागते, पत निर्माण होत नाही. म्हणून १८६४ साली त्याने हेडेसडॉर्फच्या संस्थेचे रूप पालटले आणि कर्ज घेणारेच सभासद असतील अशी पतसंस्था निर्माण केली. दोन वर्षांनी आपले अनुभव त्याने ग्रंथरूपाने मांडले. दृष्टी अधू झाल्यामुळे त्याला नोकरी सोडावी लागली होती. तरी त्याच्या सांगण्याने गावोगाव संस्था निघू लागल्या.

त्या संस्थांचे नियम साधे होते. एका संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा चर्चच्या एका परगण्यापुरते. सर्व सभासदांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येकाच्या घरादारापर्यंत तोशीस. पदाधिकाऱ्यांना वेतन नाही. हिशेब ठेवणाऱ्या खजिनदारालाच काय तो मोबदला. नफा वाटायचा नाही, तो सामायिक गंगाजळीत टाकायचा आणि ती गंगाजळी कधीही फोडायची नाही. अमर्याद जबाबदारी ही आज ऐकावयास भयंकर वाटते. पण तिच्यामुळेच शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवी. कर्ज गायीसाठी घेतले की मद्यासाठी, हे पारावर बसणाऱ्याला बँकेच्या व्यवस्थापकापेक्षा अधिक ठाऊक असते.

याच काळात प्रशियातील डेलिट्श या शहरात हेर्मान शुल्झ-डेलिट्श या न्यायाधीशाने दुसरी वाट काढली होती. त्याच्यासमोर शेतकरी नव्हते. सुतार, चांभार असे कारागीर होते. कारखान्यांच्या मालापुढे त्यांचा धंदा कोसळत होता. १८४९ मध्ये कच्चा माल एकत्र विकत घेण्याची मंडळी आणि १८५० मध्ये कर्ज देणारी पेढी त्याने स्थापिली. त्याची भिस्त भागभांडवलावर होती. सभासदाने थोडी थोडी बचत करून भाग घ्यावा, अल्प मुदतीचे कर्ज घ्यावे, लाभांशही घ्यावा. शासनाची अथवा श्रीमंतांची मदत त्याला मुळीच नको होती. या दोघांच्या अनुयायांत पुढे कडाक्याचे वाद झाले. एकाची संस्था शहराची, दुसऱ्याची खेड्याची. एकाची प्रेरणा उदारमतवादी, दुसऱ्याची ख्रिस्ती धर्मश्रद्धेची. मात्र एका बाबतीत दोघे एक होते : पैशाला धोका असेल तर तो सभासदाच्या स्वतःच्या पैशाला असला पाहिजे.

१८८९ च्या कायद्याने या अनुभवाला दोन गोष्टींची जोड दिली. मर्यादित जबाबदारीच्या संस्था काढण्यास मोकळीक दिली आणि दर दोन वर्षांनी बाहेरच्या तपासनिसाकडून हिशेबतपासणी सक्तीची केली. ही तपासणी प्रामुख्याने संस्थांच्या स्वतःच्या संघांकडे राहिली. म्हणजे डोळा बाहेरचा, परंतु घराण्यातला. १८९५ मध्ये प्रशियाच्या सरकारने सरकारी भांडवलाने एक मध्यवर्ती पेढी काढली. तेव्हा शासन जर्मनीतही आले. पण ते शिखरावर आले, गावच्या कार्यकारी मंडळात येऊन बसले नाही.

आता भारताकडे वळू. वेस्टरवाल्डमधील गाय आणि दख्खनमधील बैल यांच्या दुःखात फारसा फरक नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरले. जीव घेणे हा त्या उठावाचा हेतू नव्हता, कागद नष्ट करणे हा होता. यावरून दुखणे कोठे होते ते कळते. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याच जिल्ह्यात तुकोबांनी आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत बुडविल्याची परंपरागत कथा आहे. खते बुडविणे आणि खते जाळणे यांत अंतर आहे. एकात धनको आपण होऊन ऋण सोडतो, दुसऱ्यात ऋणको निरुपायाने ते तोडतो. दोहोंच्या मधली जी वाट, म्हणजे फेडता येईल असे कर्ज देणारी संस्था, ती मात्र तोवर कोणी घातली नव्हती.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला, १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे कायदे झाले. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना आखली. लॉर्ड रिपनच्या सरकारने तिचा पुरस्कार केला, पण लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील शेतकी पेढ्यांचा अभ्यास करण्यास सांगितले. १८९५ व १८९७ अशा दोन भागांत त्याचा अहवाल निघाला. शेकडो पृष्ठांच्या त्या अहवालाचे तात्पर्य, रायफायझनला शोधा, या एका सल्ल्यात सामावले होते. निकल्सनला पेढीचा नमुना नको होता, तो उभा करणारा माणूस हवा होता. सरकारने मात्र नमुना उचलला.

२५ मार्च १९०४ रोजी सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कोणत्याही दहा माणसांना संस्था काढता येऊ लागली. खेड्यातील संस्थांना अमर्याद जबाबदारी, शहरातील संस्थांना निवडीची मुभा. म्हणजे एकाच कायद्यात रायफायझन आणि शुल्झ हे दोघेही येऊन बसले. पण त्या दोघांच्या वर एक तिसरा अधिकारी होता, निबंधक. नोंदणी त्याची, तपासणी त्याची, संस्था मोडण्याचा अधिकारही त्याचाच. जर्मनीत लोकांनी चालविलेल्या संस्थेला कायद्याने मान्यता दिली. भारतात कायद्याने निर्माण केलेल्या अधिकाऱ्याने लोकांना संस्था काढावयास सांगितले. गंगा उगमाकडून न वाहता संगमाकडून वाहू लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. वेस्टरवाल्डचा शेतकरी दरिद्री असला तरी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणामुळे बहुधा वाचता-लिहिता होता. संस्थेचा हिशेब त्याला स्वतः पाहता येई. दख्खनच्या कुणब्याला आपण कोणत्या कागदावर अंगठा उठविला हेही ठाऊक नसे. तेथे गावातील बहुतेक सभासद एका चर्चमध्ये शेजारी बसत. येथे एका पारावर सर्वांना बसण्याची मुभा नव्हती. ‘अन्योन्य’ या शब्दाचा अर्थ एकमेकांचे. जेथे गावच पाणवठ्यापासून दुभंगलेले, तेथे एकाच्या कर्जासाठी दुसऱ्याने घरदार पणाला लावावे ही अपेक्षा सोपी नव्हती. अमर्याद जबाबदारीचे कलम कायद्यात उतरविता आले, अमर्याद विश्वास उतरविता आला नाही.

तरी शहरांतून चित्र निराळे दिसते. कायदा होताच काही महिन्यांत, ऑक्टोबर १९०४ मध्ये, कांजीवरम येथे पहिली नागरी पतसंस्था नोंदली गेली. १९०६ च्या पहिल्या काही आठवड्यांत पुण्यात कॉसमॉस, मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने बॉम्बे अर्बन, गोकाकची अर्बन आणि २३ फेब्रुवारीस बेळगावची पायोनियर अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांमागे वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी, कारागीर होते. म्हणजे जवळजवळ तोच मध्यमवर्ग, ज्याने त्याच वर्षांत गावोगाव वाचनालये काढली. ठेवी सभासदांच्या, कर्जे सभासदांना, बैठका संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर. कवठेकरांनी १८८९ मध्ये जे केले त्याचाच हा विस्तार होता. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. जर्मनांना सहकार साधला आणि भारतीयांना साधला नाही, हे विधान खरे नाही. जेथे पैसा, हमी आणि देखरेख सभासदांची होती, तेथे तो भारतातही साधला.

कोणत्याही पतसंस्थेला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? हमी कोणाची? हिशेब कोण पाहतो? भारतातील खेड्यांच्या संस्थांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलत गेले. १९१५ च्या मॅक्लेगन समितीने सहकाराचे तत्त्व सभासदांत रुजले नसल्याचे बजावले होते. १९२९ नंतरच्या महामंदीत धान्याचे भाव कोसळले आणि संस्थांची थकबाकी वाढली. स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. डॉ. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने देश हादरला. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता, तर सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात. पन्नास वर्षांच्या खटाटोपाचे फळ एवढेच.

समितीचे निदान असे होते की, दुबळ्यांनी केवळ दुबळ्यांशी हातमिळवणी करून बलवान सावकाराशी लढणे शक्य नाही. त्यांच्या पाठीशी शासनाने उभे राहिले पाहिजे. म्हणून शासनाने संस्थांचे भाग घ्यावेत, असा मार्ग सुचविला गेला. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापिलेली बँक ऑफ बडोदा त्यांतच होती. १९८२ मध्ये नाबार्ड आली. याचे फळ नाकारता येणार नाही. १९८१ च्या पाहणीत ग्रामीण कर्जांतील संस्थांचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक दिसून आला. तीस वर्षांत सावकाराची मिठी इतकी सैल होणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु किंमतही मोजावी लागली. पैसा वरून येऊ लागला तसा तो आपला उरला नाही. शासनाचा भाग आला, पाठोपाठ शासनाचा प्रतिनिधी आला आणि प्रतिनिधीच्या मागोमाग राजकारण आले. संस्थेची निवडणूक हा विधानसभेच्या निवडणुकीचा सराव झाला. १९९० आणि २००८ साली केंद्र सरकारने मोठ्या कर्जमाफ्या दिल्या. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याला दिलासा देणे हे शासनाचे कर्तव्यच. त्याविषयी दुमत नसावे. पण तुकोबांनी सोडले ते स्वतःच्या वाटणीचे होते. माफी देणारा एक, ज्याचा पैसा तो दुसरा आणि नियमाने कर्ज फेडून आपण मूर्ख ठरलो असे मानणारा तिसरा, अशी स्थिती झाली की पत या शब्दातील अब्रूचा अर्थ गळून पडतो आणि केवळ उधारी उरते.

जर्मनीलाही दैवाने सुखासुखी सोडले नाही. १९२३ च्या चलनफुगवट्यात एका रेन्टेनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क मोजण्याची वेळ आली. दोन पिढ्यांच्या ठेवी आणि गंगाजळ्या धुऊन निघाल्या. १९३३ नंतर नाझी राजवटीने स्वायत्त संघ आपल्या पकडीत घेतले. युद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले आणि इतिहासाने जणू एक प्रयोगच मांडला. पूर्व जर्मनीत खेड्यांतील रायफायझन संस्था शासनाच्या शेतकरी संघटनेत विलीन झाल्या. नाव सहकाराचे, सत्ता पक्षाची. पश्चिम जर्मनीत त्या सभासदांच्या राहिल्या. १९७२ मध्ये शुल्झ आणि रायफायझन यांच्या अनुयायांचे जुने वैर मिटून दोन्ही संघ एक झाले. एकाच भाषेच्या, एकाच रक्ताच्या लोकांत संस्थेची दोन रूपे झाली ती राष्ट्रस्वभावामुळे नव्हे. वरील तीन प्रश्नांची उत्तरे निराळी होती म्हणून.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. जर्मनीत १९३४ पासून प्रत्येक सहकारी संस्थेला तपासणी करणाऱ्या संघाचे सभासदत्व सक्तीचे आहे. ठेवीदारांच्या रक्षणासाठी सहकारी बँकांनी आपल्याच पैशातून निधी उभारला, तोही त्याच दशकात. एखादी बँक डगमगली तर तिचा भार इतरांना उचलावा लागतो. म्हणून इतर बँका तिच्या वह्यांकडे लक्ष ठेवतात. गावातील शेजाऱ्याची जुनी नजर अशा रीतीने देशपातळीवर नेली गेली. भारतातील नागरी सहकारी बँका १९६६ च्या १ मार्चपासून रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत आल्या, पण निबंधकाचा अधिकारही कायम राहिला. दोन पहारेकरी असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा जागा आहे. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी रांगा लावाव्या लागल्या. दोन्हीकडे ठेवी असंख्य लहान माणसांच्या आणि कर्जे मूठभर बड्यांना, हेच दुखणे होते. त्यानंतर २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. २००४ साली देशात एकोणीसशेंहून अधिक नागरी सहकारी बँका होत्या. आज त्या पंधराशेंच्या आत आहेत. ‘अन्योन्य’चीही पुढे बँक झाली आणि शतकाहून अधिक काळ चालल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात ती अडचणीत आली, हे या नगरीत सांगताना वाईट वाटावे अशीच गोष्ट आहे.

मात्र जर्मनीकडे पाहून हळहळण्याचेही कारण नाही. १९७० च्या सुमारास तेथे सात हजारांच्या घरात सहकारी बँका होत्या. विलीनीकरण होत होत आज त्या सातशेंहून कमी उरल्या आहेत. सभासद पावणेदोन कोटींच्या आसपास आहेत, पण सभासदाला शेजारी म्हणून ओळखणारा खजिनदार आता क्वचितच भेटतो. २०१६ मध्ये जर्मनीच्या प्रस्तावावरून सहकाराच्या कल्पनेचा युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वारसा म्हणून गौरव होणे ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु ज्या गोष्टीचा वारसा म्हणून गौरव होतो, ती जपावी लागण्याची वेळ आली आहे, असाही त्याचा अर्थ होतो. भारतात २०२१ मध्ये केंद्राने सहकाराचे स्वतंत्र मंत्रालय स्थापिले. त्यामुळे गावच्या संस्थेत पैसा, संगणक, नवे व्यवसाय येतील. पण ती तीन उत्तरे सभासदांनीच द्यावयाची आहेत. ती कोणत्याही मंत्रालयाला परस्पर देता येणार नाहीत.

निकल्सनने सुचविलेला शोध म्हणून संपलेला नाही. रायफायझन हा कोणी अवतारी पुरुष नव्हता. अधू डोळ्यांचा, मध्यम पगाराचा, खेड्यातील एक अधिकारी होता. आपली पहिली योजना चुकली हे मान्य करण्याचे धैर्य आणि शेजाऱ्यावर विश्वास टाकण्याची तयारी, एवढेच त्याचे भांडवल. भाऊसाहेब कवठेकरांच्या मंडळीतही तेच असले पाहिजे. कायद्याचे छत्र नसताना परक्याच्या कर्जाला जामीन राहणारी माणसे या नगरीत होती, याची साक्ष त्या मंडळीच्या नावातच आहे.

ग्रंथालयाच्या देवघेव-वहीत शंभर वर्षे पुस्तके जातात आणि परत येतात. नेणाऱ्याने परत आणावे, पाने दुमडू नयेत, आपल्यानंतरच्या वाचकाचा विचार करावा, हे कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही. ज्या गावाला ही वही नीट ठेवता येते, त्या गावाला पेढीची वहीही नीट ठेवता येईल. पत तीच आहे; फक्त रकाना निराळा.